बारानंतरचे पाव

“आत जाण्याआधी आपलं मत दाराबाहेर काढून ठेवायचं, चपलेसारखं. बाहेर आलीस की हवं तर परत घाल. पण ते घालून आजाऱ्याच्या खाटेपाशी जायचं नाही.”

हा माईंचा आवाज. माई म्हणजे माझ्या गुरू, भिक्खुणी. शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी दवाखान्यांत, लोकांच्या उशाशी बसून काढली, आणि माझ्यासारख्या चारचौघींना तेच काम शिकवलं. आता मी एका मोठ्या इस्पितळात ते करते. गळ्यातल्या बिल्ल्यावर ‘आध्यात्मिक आधार’ असं छापलंय. त्याचा अर्थ कुणालाच नीट कळत नाही, म्हणून वॉर्डात मला सगळे हळूताई म्हणतात. माझा आवाज लहान आहे. मी आले की सिस्टर हाक मारते, “टीव्ही बारीक करा रे, हळूताई बोलणार आहेत!”

त्या दिवशी माझा उपोसथ होता. म्हणजे रोजच्या पाच शीलांच्या जागी आठ, आणि दुपारी बारानंतर काही खायचं नाही. सकाळी दिव्यापुढे बसून शीलं घेतली आणि शांत मनाने इस्पितळात आले. ती शांतता जिन्यापर्यंतच टिकली.

कारण समोरून सिस्टर पळत आली. ही बाई कधी पळत नाही. आग लागली तरी चालतच जाईल, अशी तिची ख्याती. ती आज पळत होती आणि तिची टोपी एका पिनेवर लोंबत होती.

“हळूताई! मिळालं! पाववाल्यांना लिव्हर मिळालं!”

मला वाटतं मी ओरडले. माझ्या मानाने ओरडलेच, कारण झाडू मारणाऱ्या मावशींनी मान वर करून पाहिलं.

“आलं?”

“यायचंय अजून. पण गट जुळला, माप जुळलं, सगळं जुळलं! सर्जन साहेब वर हात धुवायच्या तयारीत आहेत. तुम्ही या आधी. काकांचं काहीतरी बिनसलंय.”

पाववाले काका म्हणजे आमच्या कोपऱ्यातल्या खोलीतले बेकरीवाले. वय साठीच्या अलीकडे, डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्याने तट्ट फुगलेलं, हातपाय मात्र काड्या. यादीत नाव घालून दोन पावसाळे उलटले होते. या महिन्यात डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता आलं तर आलं, पुढच्या महिन्यात येऊन उपयोग नाही. काकांनाही ते ठाऊक होतं. माणूस मोठा हसरा. वॉर्डातल्या पावाला ते “पाव नाही हो, उशी आहे ही” म्हणत आणि तरी उरलेला तुकडा टाकू देत नसत. रोज सकाळी बसल्या जागी त्रिशरण आणि पंचशील म्हणत. मी असेन तर आम्ही दोघं मिळून म्हणत असू. मग मी धम्मातलं थोडं वाचून दाखवायची.

काकू मात्र या वाटेच्या नाहीत. त्यांचं देवाशी थेट भांडण चालतं, आणि कुठल्या देवाशी ते त्यांनाही ठाऊक नसतं. यादीवर असलेल्यांच्या घरच्यांना एक वाईट खोड लागते, ती त्यांनाही लागली होती. खिडकीतून आभाळाकडे बघून एकदा म्हणाल्या, “आज रस्ते निसरडे असतील नाही?” आणि लगेच जीभ चावली. काका दिवसभर त्यांच्याशी बोलले नव्हते.

खोलीत जत्रा भरली होती. एकजण रक्त काढत होता, दुसरा दाबयंत्राची पट्टी बांधत होता, काकू पिशव्यांत कपडे कोंबत होत्या आणि परत बाहेर काढत होत्या. मला बघताच त्यांनी मिठीच मारली.

“ताई, झालं हो! झालं! मी म्हणत नव्हते? आणि हा बघा, हा माणूस बघा! लग्नात जसा बसला होता तसाच बसलाय, ठोकळा!”

काका पाय दुमडून, हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून बसले होते. समोर संमतीचा कागद आणि पेन.

“सही करत नाहीत,” सिस्टर माझ्या कानाशी म्हणाली. “नको म्हणतात.”

“नको?”

“पुढच्याला द्या म्हणतात.”

दारात अवयवदानाचं काम बघणाऱ्या बाई उभ्या होत्या. त्यांना सगळे दोनफोनबाई म्हणतात, कारण एका कानाला एक आणि हातात दुसरा, असंच त्यांना आम्ही पाहिलंय. त्यांनी एक फोन छातीशी दाबला. “तासाभरात कळवावं लागेल मला. नाही म्हणाले तर यादीतल्या पुढच्या माणसाला तयार करायला तेवढा वेळ लागतो. जास्त थांबले तर कुणालाच मिळणार नाही.”

मागून सर्जन साहेबांनी डोकं घातलं. “तुम्ही समजावा जरा त्यांना.”

“समजावणं माझं काम नाही, साहेब. मी ऐकते फक्त.”

“मग लवकर ऐका!” म्हणाले आणि गेले.

सगळ्यांना बाहेर काढलं. काकू जाईनात, तेव्हा सिस्टरने त्यांना दंडाला धरून नेलं. दार लोटलं. मी दाराशी क्षणभर उभी राहिले. माझं मत काय होतं ते सांगायला नकोच. ते नुसतं मत नव्हतं, अंगात ढोल वाजत होता: घ्या, काका, घ्या, घ्या, घ्या! तो ढोल बाहेर ठेवायचा कसा, हे माईंनी शिकवलं नव्हतं. चपला गुपचूप पडून राहतात, हा दार ठोठावत होता.

मी स्टुलावर बसले. “मी आलेय, काका.”

“कळलं मला,” ते डोळे न उघडता म्हणाले. “तुम्ही आलात की खोलीचा आवाज बदलतो.”

दाराखालून सगळ्यांची पावलं इकडेतिकडे सरकताना दिसत होती.

“सकाळी सायरन वाजला,” ते म्हणाले. “उजाडायच्या सुमाराला. मी जागाच होतो. भट्टीची सवय, त्या वेळेला मला झोप येत नाही. या खिडकीखालीच येऊन थांबली गाडी. आणि माझं मन काय म्हणालं, सांगू?”

मी स्टूल थोडं पुढे ओढलं.

“आला वाटतं, म्हणालं.” त्यांनी आता डोळे उघडले. “भट्टीतला पाव फुगला की मी म्हणायचो ना, झाला वाटतं. अगदी तसं. आनंदाने, ताई! कुणीतरी मरायला टेकलेला माणूस आत आणताहेत आणि मला आनंद झाला. बायकोशी मी बोललो नाही दिवसभर, ती नुसतं रस्त्याबद्दल बोलली म्हणून. मी तर तिच्याही पुढे गेलो.”

“मग?”

“मग काय! चार तासांनी या फोनवाल्या बाई नाचत आल्या. मिळालं म्हणे.” त्यांचा आवाज फाटला. “मी रोज सकाळी म्हणतो, प्राणिहिंसेपासून दूर राहीन. आणि चेतना म्हणजेच कर्म, मनात जे उठलं तेच केलं, हे तुम्हीच ना वाचून दाखवलंत मला? मग मी काय केलं, सांगा.”

माझ्यापाशी चार उत्तरं होती. चारही बरोबर. एकेक घशापर्यंत आलं आणि मी ते गिळलं. घाबरलेल्या माणसाच्या अंगावर बरोबर उत्तर टाकलं की तो त्याच्याखाली दबतो, आणखी काही होत नाही.

“आनंद झाला,” मी म्हणाले. “आणि मग?”

“मग किळस आली स्वतःची. मग आतल्या माणसासाठी मैत्रीभावना केली. तो सुखी होवो, तो निर्भय होवो. पण ते नंतर. आधी काय उठलं ते महत्त्वाचं.”

“ते महत्त्वाचं.”

“हो. त्या आनंदाने मिळालेलं लिव्हर घेऊन मी जगू? रोज सकाळी कुठल्या तोंडाने बसू? पुढच्याला द्या. त्याने नसेल तसं म्हटलं.”

त्यांनी पुन्हा डोळे मिटले. मी थोडी बसले. ते आणखी काही बोलणार नाहीत हे कळल्यावर पाणी देऊन बाहेर आले. बाहेर काकू टपूनच होत्या.

“काय म्हणतो?”

“ते तुम्हाला सांगायचं की नाही, ते काका ठरवतील, काकू.”

“मला माहितीय काय म्हणतो ते! पाप लागेल म्हणतो ना?” त्यांनी मला हाताला धरून लिनन ठेवायच्या खोलीत ओढलं आणि दार लावून घेतलं. चादरींच्या थप्प्यांमध्ये आम्ही दोघी नाकाला नाक लावून उभ्या. “ऐका माझं. तुमचे ते विहारातले भंते आहेत ना, त्यांचा शब्द तो खाली पडू देत नाही. आत जा आणि सांगा, भंतेंचा फोन आला होता, घे म्हणाले. बस. एवढंच.”

“त्यांना खरंच विचारू या ना.”

मी लगेच फोन लावला. विहाराचा फोन झाडांना पाणी घालणाऱ्या आजोबांनी उचलला. भंते महिनाभर मौनात, डोंगरापलीकडच्या कुटीत, तिथे फोन नाही. “काय निरोप आहे?” आजोबांनी प्रेमाने विचारलं. मी काही नाही म्हणून ठेवून दिला.

“बघा!” काकूंचे डोळे चमकले. “म्हणजे कुणाला कळणारही नाही!”

“काकू, खोटं बोलणार नाही असं मी आज सकाळीच…”

“रोज सकाळी म्हणता ना?”

“हो.”

“मग उद्या परत म्हणा!”

म्हणणं तसं बिनतोड होतं. शील मोडलं तर आम्ही खरोखरच पुन्हा घेतो, त्यासाठीच ते रोज घ्यायचं असतं. एक वाक्य. पाच-सहा शब्द. आणि तिकडे एक माणूस पिवळ्या डोळ्यांनी उद्याची सकाळ बघेल, परवाची बघेल, भट्टीत हात घालेल. खरं सांगते, चादरींमध्ये उभी असताना माझ्या तोंडात ते वाक्य तयार झालं होतं.

काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “ताई, पस्तीस वर्षं मी या माणसाच्या अंगाच्या पिठाच्या वासात झोपलेय. मला नाही हो येणार एकटीला झोपायला.”

“काकू,” मी म्हणाले, “मी खोटं सांगितलं आणि त्यांनी घेतलं, तर ते शस्त्रक्रियेच्या मेजावर जातील भंतेंच्या भरवशावर. महिन्याने भंते मौनातून बाहेर येतील आणि काका पहिले जाऊन त्यांचे पाय धरतील. तेव्हा काय?”

“तेव्हा तो जिवंत तर असेल!”

हेही बिनतोडच. मी मान हलवली, नाही म्हणून. काकूंनी एक चादर उचलून जमिनीवर आपटली. “जळो तुमचं ते शील!”

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. सिस्टर. टोपी आता नव्हतीच.

“तुम्ही दोघी इथे? अहो, सकाळच्या सायरनचं काय धरून बसलेत काका? माझ्याशी आत्ता तेच बोलले. कसला अपघात आणि काय! ती बाळंतीण होती! गाडी दारात टेकली आणि स्ट्रेचर काढायच्या आधी मुलगी झाली! ड्रायव्हरनं पकडली म्हणे, तो खाली सगळ्यांना सांगत सुटलाय, हात करून दाखवतोय, अशी धरली म्हणून!”

काकूंनी एक किंकाळी फोडली आणि सुटल्या. आम्ही त्यांच्यामागे. खोलीत शिरताना त्यांनी पडदा जवळजवळ खाली ओढला.

“अरे ठोकळ्या! ऐकलंस का? मुलगी झाली!”

“कुणाला?” काका दचकले.

“तुझ्या सायरनला!”

सिस्टरने सगळं पुन्हा सांगितलं, ड्रायव्हरच्या हातांसकट. काकांचा चेहरा हळूहळू उघडत गेला. ते हसायला लागले. पोटात पाणी असल्याने हसताना त्रास व्हायचा, पोट धरून हसले. डोळ्यांतून पाणी आलं. सिस्टर टाळ्या वाजवायला लागली. माझ्या अंगातला ढोलही पुन्हा सुरू झाला. झालं, वाटलं. सुटलं.

काकूंनी पेन पुढे केलं. “कर सही.”

काकांनी डोळे पुसले. “सुखी होवो पोर. दीर्घायुषी होवो.” मग पेनाकडे बघत राहिले. “पण मला तेव्हा कुठे माहीत होतं, आत पोर आहे म्हणून?”

सिस्टरच्या टाळ्या थांबल्या.

“मला वाटलं माणूस मरतोय, आणि मी खूश झालो. आत पोर निघालं ते माझ्या पुण्याईने नाही निघालं.”

“डोकं आहे का भट्टी आहे तुझी!” काकू ओरडल्या आणि तोंडाला पदर लावून खिडकीकडे वळल्या. सिस्टर माझ्याकडे बघत होती, काहीतरी बोला ना, अशी. माझ्या मनात आलं, किती खरा माणूस आहे हा, आणि या खरेपणानेच मरणार.

दोनफोनबाई आत आल्या. या वेळी दोन्ही फोन खाली होते. “काका, दहा मिनिटं. त्यानंतर मला पुढचा फोन करायलाच हवा.”

“करा,” काका म्हणाले.

“करते. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची परवानगी तिकडच्या घरच्यांनी दिलीय, ती सांगून जाते. कोण, कुठले, काय झालं, हे मी सांगू शकत नाही. पण हे त्या माणसाने स्वतः ठरवलेलं होतं. धडधाकट असताना. घरच्यांना बजावून ठेवलं होतं की तशी वेळ आली तर द्यायचंच. घरच्यांनी नुसता शब्द पाळला.”

“स्वतः?” काकांनी विचारलं.

“स्वतः.”

“कुणी सांगितलं म्हणून नाही? स्वतः?”

“स्वतःच.”

काका पाठ टेकून बसले. मग माझ्याकडे वळून एकदम म्हणाले, “ताई, तुमचं मत काय?”

आली ती वेळ. काकू वळून बघत होत्या, सिस्टर बघत होती. दहातली दोन मिनिटं गेली असतील. माझं मत बोललं असतं तर तीन मजले खालीही ऐकू गेलं असतं.

“तुम्ही ‘स्वतः’ हा शब्द दोनदा म्हणालात,” मी म्हणाले.

“म्हणालो का?”

“हो.”

काका छताकडे बघायला लागले. सिस्टरचा पाय अधीरपणे फरशीवर टकटक करत होता. मी तिच्या हाताला हात लावला, तेव्हा थांबला.

“म्हणजे चेतना त्याची,” काका हळूच म्हणाले. “द्यायची. माझ्या आधीची. मला सायरन ऐकू येण्याच्या कितीतरी आधीची.”

दोनफोनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“ए,” ते काकूंना म्हणाले, “ते पहिल्या भट्टीचे पाव आठवतात तुला?”

“आता पाव? आता?” काकू रडत रडत ओरडल्या.

“ताईंना सांगू दे. बेकरी टाकली ना, तेव्हा मी ठरवलं होतं, पहिली भट्टी विहारात द्यायची. भिक्खूंच्या पात्रात. पण भट्टी नवी, तापेचना. पाव निघाले तेव्हा बारा वाजायला आले होते. टोपली डोक्यावर घेतली आणि धावलो. रस्ताभर वास सुटलेला, पोरं मागे लागलेली. पोचलो तर सूर्य माथ्यावरून कलला होता आणि भिक्खू पात्रं धूत होते. बारानंतर ते काही घेत नाहीत. मोठे भंते उठून आले. टोपलीवर हात ठेवला. म्हणाले, ‘वास फार सुंदर आहे, उपासका.’ आणि हात काढून घेतला. नियमच तो, त्यांचं काही चुकलं नाही. पण परत येताना ती टोपली…”

“आठवडाभर आम्ही पावच खाल्ले,” काकू नाक ओढत म्हणाल्या. “शेवटी शेवटी भिजवून.”

“जाताना टोपली हलकी होती, ताई. येताना मान मोडायची वेळ आली. तेच पाव. एकही कमी-जास्त नाही.” ते उठून बसले. त्यांच्या पिवळ्या डोळ्यांत मला प्रथमच घाई दिसली. “तिथे त्याची माणसं टोपली घेऊन उभी आहेत. आत्ता. आणि मी त्यांना कुठल्या नियमाने म्हणतोय, परत न्या? मी काय भिक्खू आहे?”

“पण तो विचार?” हे माझ्याच तोंडून निघालं. मला विचारावंच लागलं. नंतर त्यांना एकट्याने त्याच्याशी गाठ पडायला नको होती.

“तो माझा. तो कुठे जातोय? तो उठला, खरं आहे. त्याचं जे फळ असेल ते मी भोगेन. जगलो तर जगून भोगेन. पण माझ्या मनात घाण आली म्हणून त्याच्या टोपलीला मी हात लावायचा नाही, हे कुठलं? तिची तर काहीच चूक नाही.” त्यांनी हात पुढे केला. “पेन द्या. मिनिटं किती राहिली?”

“चार!” दोनफोनबाई म्हणाल्या.

“मग बघता काय!”

पेन चालेना. सिस्टरने आपल्या खिशातलं काढलं, तेही चालेना. काकूंनी पिशवी पालथी घातली, त्यातून चष्मा, विड्यांसारखे गुंडाळलेले मोजे, अर्धी बिस्किटं आणि एक पेन्सिल निघाली. “पेन्सिल चालेल का?” “नाही!” मी माझ्या झोळीतलं पेन शोधून दिलं. काकांनी सही केली आणि दोनफोनबाई दोन्ही फोनांवर एकाच वेळी बोलायला लागल्या: “हो! हो! घेताहेत! हो म्हणाले!”

मग जे सुरू झालं ते मी अजून आठवलं की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. ट्रॉली आली. वॉर्डातले जे उठू शकत होते ते सगळे दाराशी. झाडूवाल्या मावशी लिफ्ट अडवून उभ्या, कुणाला शिरू देईनात, एका मोठ्या डॉक्टरांनासुद्धा त्यांनी “जिन्याने जा, बाबा” म्हटलं. सिस्टर ट्रॉलीच्या पुढे पळत होती, दिवसात दुसऱ्यांदा. काकू एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने.

“माझ्याशी काही बोलशील की नाही?” काकू धापा टाकत म्हणाल्या.

“चष्मा राहिला तुझा पलंगावर,” काका म्हणाले. “पडशील कुठेतरी.” आणि त्यांचा हात घट्ट धरला. काकूंना तेवढं पुरलं. त्या हसत होत्या, रडत होत्या, आणि मधेच सिस्टरला ट्रॉली कशी वळवायची ते शिकवत होत्या.

शस्त्रक्रियेच्या मोठ्या दारापाशी नातेवाइकांना थांबवतात. तिथे काकांनी माझी बाही धरली.

“ताई, तुम्ही इथे बसणार ना, मला आत नेल्यावर?”

“बसेन ना.”

“बसू नका. मला इथे माणसं पुष्कळ आहेत. तो तिकडे…” त्यांनी बाही आणखी ओढली. “त्यालाही असंच आत नेतील ना? त्याच्यापाशी कुणीतरी बसावं. मला नाव नको, गाव नको. तुम्ही बसाल? तेवढा शब्द द्या.”

नुसतं हो म्हणणं सोपं होतं. पण मला ते तिथे पोचू देतील की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं. “मी विचारते,” मी म्हणाले. “त्या लोकांना चालणार असेल तर जाईन. नसेल चालणार तर इथल्या ध्यानाच्या खोलीत त्यांच्यासाठी बसेन. यातलं एक मी करीन. हा शब्द.”

“बस झालं,” काका म्हणाले. दार उघडलं, ट्रॉली आत गेली, दार मिटलं.

एकदम शांत झालं. सिस्टर भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत सुटली. मग तिला आठवलं. “हळूताई, तुम्ही काही खाल्लं का? तुमचे ते बारा!” तिने घड्याळ बघितलं आणि कपाळावर हात मारला. तिच्या डब्यातली पोळी तिने तरी काढली. मी ती हातात घेतली आणि काकूंना दिली. त्यांनी बघितलंही नाही काय आहे ते, खायला लागल्या.

मी दोनफोनबाईंना गाठलं आणि काकांचं मागणं सांगितलं. त्या आधी मानच हलवायला लागल्या. “नाही हो, असं नाही करता येत. इकडचं तिकडे कळता कामा नये.”

“मला कळायला नको. तुम्ही त्यांना फक्त विचारा, कुणी हवंय का.”

त्या खिडकीशी गेल्या. बराच वेळ ऐकत होत्या, आणि जिच्यापाशी कायम दोन फोन असतात ती बाई एकाच फोनवर, दोन्ही हातांनी तो धरून बोलत होती. परत आल्या तेव्हा त्यांचं नाक लाल होतं.

“त्यांच्याकडे तुमचं काम करणारे आहेत, ते आज रजेवर आहेत. घरचे म्हणतात, प्रार्थना नको, मंत्र नको, आमच्यात ते नाही. पण आत न्यायच्या आधी आईला थोडं पडायला लावायचंय, काल सकाळपासून ती हात धरून बसलीय. हात सोडायला तयार नाही, दुसरं कुणी धरणार असेल तरच उठेन म्हणते.”

“मी धरीन.”

“तुम्ही कुठून आलात हे तिथे सांगायचं नाही. तिथलं इथे काही सांगायचं नाही. कधीच नाही, काकांना पण नाही.”

“नाही सांगणार.”

त्यांनी कुठे जायचं ते माझ्या कानात सांगितलं.

मी गळ्यातला बिल्ला काढला आणि झोळीत टाकला. काकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मला झोळी उचलताना बघून म्हणाल्या, “निघालात? कुठे?”

मी उभी राहिले. खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं. काकू माझ्या उघड्या गळ्याकडे बघत राहिल्या, जिथे बिल्ला असायचा. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं.

“नाही विचारत,” त्या म्हणाल्या. “काही विचारत नाही मी. जा तुम्ही.” मग मी दोन पावलं गेल्यावर मागून, माझ्याएवढ्याच लहान आवाजात: “थोडा वेळ माझ्याकडूनही बसा.”

मी मागच्या जिन्याने उतरले. खाली बाहेर ऊन होतं. चौकात येऊन मी वाहनाला हात केला, आत बसले, आणि ज्याला सांगायचं त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात पत्ता सांगितला.